सुईच्या टोकावरचे गाणे

गाणे ही मोठी क्षणजीवी वस्तू आहे. पोथीची नक्कल करता येते, दगडातली मूर्ती शतके टिकते. पण गवयाचा सूर उमटला आणि विरला. तानसेनाच्या आख्यायिका आपल्याजवळ पुष्कळ आहेत, त्याचा एकही स्वर नाही. 1877 साली एडिसनने आवाज नळकांड्यावर कोरून दाखविला, 1887 साली बर्लिनरने त्यासाठी सपाट तबकडी योजिली, आणि मानवजातीची ही हजारो वर्षांची हानी प्रथमच थांबली. या शोधाचा इतिहास आम्ही आज सांगणार आहोत, पण तो निव्वळ सनावळीसाठी नव्हे. घरी उत्तम श्रवणयंत्र कोणते घ्यावे आणि ते कसे जोडावे, असा प्रश्न हल्ली अनेकांना पडतो. त्याचे उत्तर दुकानदाराच्या किंमतपत्रिकेपेक्षा या इतिहासात अधिक सापडते, असे आम्हांला वाटते.

हिंदुस्थानात 1902 च्या नोव्हेंबरात गैसबर्ग नावाच्या इंग्रज कंपनीच्या तज्ज्ञाने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या वेळी मायक्रोफोनने मुद्रण होत नव्हते. गाणाराने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खणखणीत गायचे, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. बारीक मुरक्या, तंबोऱ्याची आस, तबल्याचा धुमारा यांपैकी फारच थोडे त्या कर्ण्यातून पार पडे. तबकड्या दाबून घेण्यासाठी मेण जर्मनीतील हॅनोव्हरला जाई. 1908 मध्ये कलकत्त्यास कारखाना निघाला तेव्हा ही यातायात संपली. परदेशी कारागिराला गायक ओळखता यावा म्हणून गाणाऱ्यांनी शेवटी आपले नाव उच्चारायचे, अशी रीत होती. ज्या लाखेपासून तबकड्या होत, ती लाख मात्र आपल्याच देशातल्या रानांतून जाई.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. तासभर राग आळविणाऱ्या गवयाला एवढ्यात काय सांगायचे, हा पेच पडला. काहींनी तो सोडविला आणि काहींनी झिडकारला. अब्दुल करीमखाँसाहेबांनी थोडक्या अवकाशात सुरांचा असा अर्क उतरविला की, 1937 मध्ये ते गेल्यावरही मिरजेचा तो सूर घरोघर नांदत राहिला. बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांची पदे नाटकगृहात कधी पाऊल न टाकलेल्यांनाही पाठ झाली, ती या तबकड्यांमुळेच.

आपल्या धारूरच्या दृष्टीने याचे मोल आणखी वेगळे आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. 1935 पासून हैदराबादेस नभोवाणी चालू झाली, पण तिचा भर उर्दूवर होता. मराठी नाट्यपद मनात येईल तेव्हा ऐकायचे, तर तबकडीखेरीज साधन नव्हते. जेथे विजेची तार पोचली नव्हती तेथेही चावीचा फोनो चाले. त्याला लागे ती फक्त मनगटातली शक्ती आणि दर खेपेस नवी पोलादी पिन. मराठवाडा 1956 मध्ये राजकीयदृष्ट्या इतर मराठी मुलखाशी जोडला गेला. सुरांनी तो आधीच जोडलेला होता.

पुढची सुधारणा कशी झाली ते नीट पाहण्यासारखे आहे. 1925 च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि मुद्रण सुधारले. तेव्हा वाजविणारे यंत्र तोकडे पडू लागले. त्याच वर्षी राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूचा विजेवर चालणारा लाउडस्पीकर सिद्ध केला. मग मधला ॲम्प्लिफायर उणा वाटू लागला. 1947 मध्ये विल्यमसन यांनी एका इंग्रजी मासिकात त्याची निर्दोष आखणी छापली आणि देशोदेशींच्या हौशी लोकांनी ती घरी बांधली. आता तबकडीच खरखरीत वाटू लागली! 1948 साली मिनिटाला सव्वातेहेतीस फेरे घेणारी नव्हे, नेमके सांगायचे तर तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी, वीस मिनिटांहून अधिक वाजणारी लाँगप्ले आली. 1958 मध्ये डावा-उजवा आवाज वेगळा देणारी स्टीरिओ तबकडी बाजारात आली. प्रत्येक वेळी साखळीतली सर्वांत कच्ची कडी कोणती ते ओळखून तीच घडविली गेली.

हे तत्त्व धारूरकरांना परके नाही. आपला किल्ला पाहा. जिकडे बालाघाटाच्या दऱ्या खोल आहेत, तिकडे निसर्गानेच पहारा केला. जिकडे जमीन सपाट, तिकडे बांधणाऱ्यांनी खंदक खणला आणि तट दुणावला. खर्च कोठे करावा हे त्यांना कळत होते. घरच्या यंत्राची निवडही अशीच करावी. मोठा ॲम्प्लिफायर घेऊन त्याला झिजलेली सुई जोडणे म्हणजे दरीच्या कडेला तट बांधून सपाटीवर वेस उघडी टाकणे होय.

तेव्हा क्रमाने पाहू. पहिली सुई. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची चर रुंद असते; तिला सुमारे पाऊणशे मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते, लाँगप्लेला पंचवीस किंवा त्याहून बारीक. लाँगप्लेची सुई जुन्या तबकडीवर ठेवली, तर ती चरीच्या तळाशी घसरते आणि गाण्याऐवजी धूळ वाजविते. फोनोची पोलादी पिन लाँगप्लेवर ठेवली, तर तबकडीचा नाशच होतो.

दुसरी जोडणी. सुईतून निघणारा विद्युत्प्रवाह अतिशय क्षीण, काही सहस्रांश व्होल्टांचा असतो. शिवाय चर फार रुंदावू नये म्हणून मुद्रण करताना खर्ज दाबलेला आणि तार स्वर चढविलेले असतात. 1954 च्या सुमारास याचे एक प्रमाण ठरले. ॲम्प्लिफायरचा 'फोनो' भाग हा प्रवाह वाढवितो आणि स्वरांचा तोलही पूर्ववत करतो. साध्या तोंडात वायर खोचली, तर आवाज बारीक व पोकळ येतो. दोनदा फोनो भागातून नेला, तर तो घुमतो आणि फाटतो. गुणगुण ऐकू आल्यास फिरकीची जमिनीची तार ॲम्प्लिफायरला जोडली आहे का, ते आधी पाहावे.

तिसरा लाउडस्पीकर. त्याचे ओहम ॲम्प्लिफायरला मानवणारे हवेत. दोन्हींकडे तांबडी तार तांबड्याला आणि काळी काळ्याला जोडावी. एकीकडे उलट झाल्यास दोन्ही शंकू परस्परांविरुद्ध हलतात आणि खर्ज नाहीसा होतो. दोन लाउडस्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधावा.

चौथी खोली, जिची दुकानात विक्री होत नाही! उघड्या फरशीच्या, रिकाम्या भिंतींच्या खोलीत महागडे यंत्रही पितळी वाजते. जाड सतरंजी, पडदा, पुस्तकांचे कपाट एवढ्याने जो फरक पडतो, तो सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांनी पडत नाही.

या साऱ्या विवेचनाला एक विलक्षण दाखला आहे. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर मुद्रणाविषयी फार नाखूश असत. तरी त्यांच्या एका जुन्या तबकडीतली भैरवी, साडेतीन मिनिटांची, 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत घेतली गेली. यानांनी ऑगस्ट-सप्टेंबरात पृथ्वी सोडली आणि त्याच सप्टेंबरात केसरबाईंनी देह ठेवला. पाठविणाऱ्यांनी नुसती तबकडी पाठविली नाही. बरोबर सुई दिली आणि ती कोठे टेकवावी, तबकडी किती वेगाने फिरवावी, याची आकृती वरच कोरली. ताऱ्यांपलीकडच्या अनोळखी श्रोत्यासाठी जी काळजी घेतली गेली, ती आपल्या घरच्या तबकड्यांच्या वाट्याला येते काय?

माळ्यावरच्या जुन्या तबकड्या पुष्कळदा भंगारात जातात, आणि आधी जाते ती सुई. मुंबईत 1990 मध्ये ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था स्थापन झाली आणि तिने अशा कितीतरी तबकड्या वाचविल्या. पण संस्था प्रत्येक वाड्यात पोचू शकत नाही. लाखेची तबकडी ठिसूळ असते. ती आडवी रचून ओझ्याखाली ठेवू नये, उभी ठेवावी, उन्हापासून जपावी आणि स्पिरिटने कधीही पुसू नये, कारण लाख त्यात विरघळते. यंत्र कालांतराने दुसरे घेता येईल. गेलेल्या गवयाला मात्र पुन्हा गायला बसविता येणार नाही. म्हणून पैसा यंत्रात घालण्यापूर्वी लक्ष तबकडीत घालावे, एवढीच आमची विनंती आहे.