जिथं माणसं गप्प बसली, तिथं झाडं बोलली

जेवणं उरकली असतील. भांडी राहिली असतील तर राहू द्या थोडा वेळ, रेडिओजवळ बसा. आज आपण सीतामाईची आणि द्रौपदीची गोष्ट काढणार आहोत. गोष्ट तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त पाठ आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून ती पहिल्यापासून सांगत नाही. गोष्टीत जे चमत्कार येतात, तेवढेच आज बघू. चमत्कार खरा की खोटा, यावर भांडायचं नाही. तो नेमका तिथंच का आला, एवढंच विचारायचं.

रामकथा आपल्या मातीतली आहे. आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थला 1608 साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्याआधी शेजारच्या पैठणला एकनाथ महाराजांनी भावार्थ रामायण लिहायला घेतलं होतं. म्हणजे चारशे वर्षांहून जास्त काळ इथं ही कथा मराठीतून सांगितली जाते. पण ती दोन ठिकाणी सांगितली गेली. एक देवळात, कीर्तनात. दुसरी पहाटे घरात, जात्यावर. देवळातल्या कथेत वानरसेना, लंका आणि युद्ध असायचं. जात्यावरच्या कथेत लंका थोडी आणि सीतेचा सासुरवास फार. आपल्या आज्या-पणज्यांनी रामायण आपल्या घरासारखं करून घेतलं होतं. त्यात कैकेयी म्हणजे खाष्ट सासू, आणि सीता म्हणजे दळणारी सून.

या ओव्या वाऱ्यावर गेल्या नाहीत, हे आपलं नशीब. साने गुरुजींनी त्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ हा ग्रंथ केला. पुढं हेमा राईरकर आणि गी पोइटव्हँ यांनी महाराष्ट्रातली हजाराहून जास्त गावं पालथी घालून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यांत आपल्या मराठवाड्यातल्या बायकांचाही आवाज आहे.

त्या ओव्यांत एक गोष्ट वारंवार येते. लक्ष्मण सीतेला रानात सोडून जातो. ती गरोदर असते. एवढ्या मोठ्या रानात ती एकटी रडत बसते, आणि तिची समजूत काढायला येतात कोण? बोरी आणि बाभळी. झाडंच बायका होतात आणि तिच्याजवळ बसतात. आता विचार करा, झाडं कुठली निवडली? चंदन नाही, पारिजातक नाही. आपल्या बांधावर उगवणाऱ्या, अंगभर काटे असणाऱ्या बोरी-बाभळी. ज्यांना कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी ज्या जगतात. टाकलेल्या बाईचं दुःख कुणाला कळेल, हे गाणारीला पक्कं ठाऊक होतं.

आणखी एक कल्पना आहे. सीतेच्या वाट्याला एवढा सासुरवास आला की एकटीला तो संपेना. मग तिनं त्याचे वाटे केले आणि गावोगावच्या बायकांना पाठवून दिले. आपल्या घरी जो पोचला, तो तिचाच वाटा. दळता दळता हे गाणारी बाई रडतही असेल आणि हसतही असेल.

अशा सांगण्याला साहित्यातले जाणकार ‘जादुई वास्तववाद’ म्हणतात. नाव जड आहे, अर्थ सोपा. रोजच्या घरातली, शेतातली गोष्ट चालू असते, आणि मध्येच अशक्य काहीतरी घडतं. पण सांगणारा डोळे विस्फारत नाही. पाऊस पडला म्हणावं तसं तो सांगून मोकळा होतो. दूर दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाचे लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस यासाठी जगभर गाजले. 1967 साली त्यांची मोठी कादंबरी आली. तिच्यात एक सुंदर मुलगी चादरींची घडी घालता घालता चादरींसकट आभाळात निघून जाते. असं सांगण्याची रीत आपण आपल्या आजीकडून शिकलो, असं मार्केस म्हणायचे. सयांनो, तिथंही आजीच! 1982 साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्या आज्यांना कुणी काही दिलं नाही, पण विद्या तीच होती.

त्याच 1967 साली मराठीत दोन पुस्तकं आली. एक शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’. तिच्यात कर्ण, कुंती, कर्णाची बायको वृषाली असे एकेक जण आपापली बाजू स्वतः सांगतात. कुंतीला लग्नाआधी मूल झालं. सांगायची सोय नव्हती. तिनं ते पेटीत घालून नदीत सोडलं. आणि गोष्ट काय म्हणते? बाळाच्या अंगावर जन्मापासूनच कवच होतं. ज्या लेकराला आईच्या पदराखाली ठेवायला जग तयार नव्हतं, त्याला गोष्टीनं कातडीचंच चिलखत दिलं.

दुसरं पुस्तक इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’. त्याला 1968 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कर्वेबाईंनी उलटी वाट धरली. महाभारतातली माणसं त्यांनी देव म्हणून नाही, आपल्यासारखी माणसं म्हणून बघितली. कुंती, गांधारी, द्रौपदी यांनी काय सोसलं आणि कुणाचं चुकलं, हे त्यांनी सरळ विचारलं.

द्रौपदीचंच बघा. आपल्याला साडी पुरवणारा कृष्ण आठवतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1919 ते 1966 अशी जवळजवळ पन्नास वर्षं खपून महाभारताच्या शेकडो जुन्या पोथ्या ताडून बघितल्या. त्यांनी जो पाठ मुख्य धरला, त्यात वस्त्रं येत राहतात, पण द्रौपदीनं कृष्णाचा धावा केला तो भाग मागाहून भर पडलेला म्हणून बाजूला ठेवला आहे. द्रौपदीचा प्रश्न मात्र जागच्या जागी आहे. तिनं विचारलं होतं, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? जो स्वतःच दास झाला, त्याला बायको पणाला लावायचा हक्क कुठून आला? सभेत भीष्म होते, द्रोण होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. प्रश्न हक्काचा होता, त्याला उत्तर आलं नाही, म्हणून साडी आली.

आमच्या मते सगळ्या चमत्कारांची किल्ली इथं आहे. जिथं माणसानं आपलं काम केलं नाही, तिथंच गोष्टीत चमत्कार येतो. वडीलधारी बोलली असती तर साडी लांबायची गरज नव्हती. कुणी हात धरून घरी नेलं असतं तर बोरी-बाभळींना उठून यावं लागलं नसतं. आणि सीतेला उभं राहायला हक्काची वीतभर जागा असती, तर धरणी दुभंगायचं कारण नव्हतं. सीता या शब्दाचा अर्थच नांगराचं तास. जनकाला ती जमीन नांगरताना सापडली. जमिनीतून आली, पण जमीन तिच्या नावावर कधी झाली नाही.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथं सीतेचं देऊळ आहे. गावात सांगतात, बाळंत झालेली सीता इथं आली. तिनं मूठभर गहू मागितला. कुणी दिला नाही. तिनं शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. आणि म्हणे खरंच पिकत नव्हता, पुढं संकरित बियाणं आलं तेव्हा पिकायला लागला. आपलं जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखलं जातं, म्हणून या गोष्टीचं आपल्याला जास्त नवल वाटायला हवं. जमिनीचा शाप बियाणं बदलून सुटला. मूठभर गहू नाकारणाऱ्या माणसांच्या मनाचं बियाणं कधी बदलायचं?

या देवळाचा जीर्णोद्धार शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनी केला. 1986 साली चांदवडला त्यांच्या संघटनेचं शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. पुढं 1990 च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली. घरच्या लक्ष्मीची सीता होऊ देऊ नका, तिच्या नावावर जमीन करा, असं ते गावोगाव पुरुषांना सांगायचे. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं, त्या गावाचा सत्कार व्हायचा. 1992 साली सरकारनंही लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं.

लेकीचा हक्क तर कायद्यानंच आहे. महाराष्ट्रात 1994 साली आणि सगळ्या देशात 2005 साली वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढा वाटा मिळाला. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मापासूनचा आहे. 2005 साली वडील हयात नसले तरी तो जात नाही.

तरी आपण काय करतो? हक्कसोडपत्रावर सही करतो. आमच्या गटातल्या एकीनं भावाच्या प्रेमापोटी, माहेर तुटू नये म्हणून सही केली. चार वर्षांनी नवऱ्यानं टाकलं. दोन लेकरं घेऊन ती माहेरी आली, तेव्हा तिला ओसरीवर जागा मिळाली, तीही सुगीपुरती. आम्हाला हे नंतर कळलं. तिच्या गल्लीत राहून आम्ही तिला सही करायच्या आधी दोन शब्द विचारले नाहीत. बोरी-बाभळींएवढंही आमच्याकडून झालं नाही, हे इथं कबूल करायला हवं. आता ती आमच्याबरोबर बचत गटात आहे, शिलाई करते, आणि पोरं शाळेत जातात.

म्हणून सयांनो, पुढच्या बैठकीत एक काम करू. घरून येताना सातबाऱ्याचा उतारा घेऊन या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपण वाचून दाखवू. आपलं नाव कुठं आहे, आहे की नाही, एवढं बघू. कुणाकडं हक्कसोडपत्राचा कागद आला असेल, तर सही करायच्या आधी तो गटात आणा. आणि घरात म्हातारी आजी असेल तर तिच्याकडून सीतेची एक ओवी लिहून आणा. ओवीही वाचू आणि उताराही वाचू.

रामराम. पुढच्या बुधवारी भेटू.