विक्री कशाला म्हणावे? छापील पुस्तक, ई-पुस्तक आणि आकड्यांचा इतिहास

पुस्तकांच्या खपाचे आकडे हा साहित्याच्या अभ्यासकाने सहसा टाळलेला विषय. आवृत्त्यांची संख्या मुखपृष्ठामागच्या पानावर असते, प्रकाशकाच्या निवेदनात असते, आणि तेथेच राहते. परंतु छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांच्या चढाओढीविषयी गेल्या पंचवीस वर्षांत जे लिहिले गेले, ते जवळजवळ सगळे या आकड्यांच्याच आधाराने. २०१० च्या सुमारास आकडे पुढे करून मुद्रित पुस्तकाचे मृत्युलेख लिहिले गेले. २०१५ नंतर तसेच आकडे पुढे करून त्याच पुस्तकाच्या पुनरागमनाचे कौतुक झाले. दोन्ही वेळा सांगितले गेले ते एकच, की वाचकाची आवड बदलली. आमच्या मते या दोन्ही कथांत वाचकाच्या पदरी न केलेले कर्तृत्व बांधले गेले आहे. किंमत कोणी ठरवायची, मोजायचे कोणाला आणि मुळात विक्री कशाला म्हणायचे, या तीन भांडणांनी ते आलेख वरखाली केले. ही भांडणे मुख्यतः अमेरिकेत आणि युरोपात झाली, म्हणून इतिहासही तिकडूनच सांगावा लागतो. मराठीची गोष्ट निराळी आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

आरंभी विक्री नव्हतीच. ४ जुलै १९७१ रोजी मायकल हार्ट याने इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून ठेवला आणि हवा त्याने तो घ्यावा असे कळवले. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'चा हा प्रारंभ. पुढे कितीतरी वर्षे संगणकावरचे पुस्तक म्हणजे अन्नछत्र, अशीच सर्वसाधारण समजूत होती. मार्च २००० मध्ये स्टीफन किंग याची 'रायडिंग द बुलेट' ही दीर्घकथा केवळ इलेक्ट्रॉनिक रूपात निघाली. किंमत अडीच डॉलर. पहिल्या चोवीस तासांत सुमारे ४ लाख प्रतींची मागणी नोंदली गेली आणि हा आकडा जगभर गाजला. त्यांतल्या पुष्कळ प्रती दुकानदारांनी फुकट वाटल्या होत्या, ही गोष्ट मात्र तेवढी गाजली नाही. खपाचा पहिलाच विक्रम असा दानधर्मात मिसळलेला असावा, हे पुढच्या इतिहासाला शोभण्यासारखेच आहे.

खरा बाजार सुरू झाला तो १९ नोव्हेंबर २००७ रोजी. त्या दिवशी ॲमेझॉनने किंडल हे वाचनयंत्र ३९९ डॉलरला बाजारात आणले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नव्या गाजत्या पुस्तकांची किंमत ९.९९ डॉलर ठेवली. तेव्हा ई-पुस्तकांनाही छापील पुस्तकांचीच घाऊक पद्धत लागू होती. प्रकाशक दर्शनी किमतीच्या साधारण निम्म्या भावाने दुकानदाराला पुस्तक देई. पुढे ते किती रुपयांना किंवा डॉलरांना विकायचे हा दुकानदाराचा प्रश्न. बांधीव आवृत्ती पंचवीस-सव्वीस डॉलरची असेल तर ई-पुस्तक ॲमेझॉनला बारा-तेरा डॉलरला पडे आणि ते दहाला विकले जाई. हा तोटा जाणूनबुजून पत्करलेला होता. यंत्र खपावे आणि पुस्तकाची रास्त किंमत दहा डॉलर हीच, असे वाचकाच्या मनात रुजावे, हा त्यामागचा हिशेब. प्रकाशकांना प्रत्येक प्रतीमागे पैसे पूर्ण मिळत होते, तरीही ते धास्तावले, आणि ते समजण्यासारखे आहे. दहा डॉलरची सवय एकदा लागली की पंचवीस डॉलरचे बांधीव पुस्तक घेणार कोण?

२०१० साली ॲपलचे आयपॅड आले आणि प्रकाशकांना दुसरे दार सापडले. ॲपलने त्यांच्याशी दलालीचा करार केला. किंमत प्रकाशकाने ठरवायची, दुकानाने ३० टक्के दलाली घ्यायची. सहा मोठ्या प्रकाशकांपैकी पाच जण त्यात गेले आणि किमती १२.९९ ते १४.९९ डॉलरवर चढल्या. त्याच जानेवारीच्या अखेरीस मॅकमिलनने हीच अट ॲमेझॉनला घातली, तेव्हा ॲमेझॉनने त्या प्रकाशनाच्या सर्व पुस्तकांवरचे, छापील पुस्तकांवरचेसुद्धा, खरेदीचे बटणच काढून टाकले. दोन दिवसांत माघार घ्यावी लागली, पण ते दोन दिवस साहित्याच्या इतिहासात नोंदवण्याजोगे आहेत. पुस्तक छापलेले होते, गोदामात होते, लेखक आणि वाचक दोघेही होते. आणि त्या दुकानापुरते ते पुस्तक नव्हते. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने ॲपल आणि पाचही प्रकाशकांवर संगनमताचा खटला भरला. प्रकाशकांनी एकामागून एक तडजोड केली. ॲपल लढले आणि जुलै २०१३ मध्ये हरले.

येथे एका जुन्या खटल्याची आठवण करून द्यावीशी वाटते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बॉब्स-मेरिल या अमेरिकी प्रकाशकाने एका कादंबरीत सूचना छापली की हे पुस्तक एक डॉलरहून कमी किमतीला विकणे हा स्वामित्वहक्काचा भंग समजला जाईल. मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रत एकदा विकल्यावर तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा अधिकार उरत नाही. जुन्या पुस्तकांचा अमेरिकेतला सगळा व्यापार या तत्त्वावर उभा आहे. २०१० च्या प्रकाशकांना हवे होते ते १९०८ साली नाकारलेलेच होते, म्हणजे किमतीवरचा ताबा. २०१४-१५ मध्ये ॲमेझॉनशी झालेल्या नव्या करारांनी तो त्यांना मिळालाही.

आता आकडे पाहू. मे २०११ मध्ये ॲमेझॉनने जाहीर केले की १ एप्रिलपासून दर १०० छापील पुस्तकांमागे किंडलची १०५ पुस्तके विकली जात आहेत. त्याच वर्षी बॉर्डर्स ही दुकानांची मोठी साखळी दिवाळ्यात निघून कायमची बंद झाली. या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की मृत्युलेख आपोआप लिहिला जातो. मात्र १०० आणि १०५ हे केवळ गुणोत्तर होते, तेही एकाच दुकानातले. मूळ संख्या सांगितलेली नव्हती. पुढे उलटा प्रवाह दिसू लागला. करार बदलून मोठ्या प्रकाशकांची ई-पुस्तके महागली, त्या २०१५ सालीच अमेरिकी प्रकाशक संघाच्या आकडेवारीत त्यांची विक्री घसरली. ब्रिटनमध्ये वॉटरस्टोन्सने आपल्या दुकानांतून किंडल काढून टाकले, आणि २०१६ मध्ये तेथील सर्वसामान्य वाचकांच्या ई-पुस्तकांचे उत्पन्न १७ टक्क्यांनी उतरले. अमेरिकेत छापील पुस्तकांचा नोंदलेला खप महासाथीच्या काळात वाढून २०२१ साली ८२ कोटी प्रतींच्या पुढे गेला. नंतर तो थोडा उतरला, परंतु कोसळला नाही.

कागदाचा वास, पानांचा स्पर्श वगैरे गोष्टींवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. आम्हाला तो वास प्रिय आहे, पण २०११ साली तो नव्हता आणि २०१५ साली अचानक सुटला असे तर झाले नसेल. पंधरा डॉलरचे ई-पुस्तक आणि त्याच दुकानात सवलतीने तेवढ्यालाच मिळणारी छापील प्रत, यांत छापील प्रत निवडण्यासाठी वासाची गरज नसते. दुसरे असे की प्रकाशक संघाची मोजणी संघाला आकडे देणाऱ्या प्रकाशकांची. स्वतःचे पुस्तक स्वतःच किंडलवर चढवणाऱ्या लेखकाला आयएसबीएन क्रमांकाची सक्ती नाही, आणि क्रमांक नसलेले पुस्तक बहुतेक गणनांत येतच नाही. प्रेमकथा, गुन्हेकथा, विज्ञानकाल्पनिका यांचा फार मोठा वाचकवर्ग अशा तीन-चार डॉलरच्या पुस्तकांकडे वळला. तो वाचायचा थांबला नव्हता, तो यादीतून बाहेर गेला होता. जुलै २०१४ पासून 'किंडल अनलिमिटेड' ही मासिक वर्गणीची योजना आली आणि वर्षभरात लेखकाचा मोबदला वाचलेल्या पानांवर ठरू लागला. या वाचनाला कोणत्या आलेखात बसवायचे? प्रत विकली गेली नाही, उसनीही दिली गेली नाही. पाने मोजली गेली.

हे सगळे वजा करूनही छापील पुस्तकाचे बळ शिल्लक राहतेच, हे मान्य केले पाहिजे. २०२१ साली प्यू संशोधन केंद्राने केलेल्या पाहणीत आदल्या वर्षभरात छापील पुस्तक वाचल्याचे ६५ टक्के अमेरिकी प्रौढांनी सांगितले, ई-पुस्तक वाचल्याचे ३० टक्क्यांनी. मुलांची चित्रमय पुस्तके, पाककृती, भेट द्यायची पुस्तके कागद सोडत नाहीत.

तथापि तिसरे भांडण आम्हाला सर्वांत मोठे वाटते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तके परस्पर पुसून टाकली. ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे कारण खरे होते, पैसे परत केले गेले, मागाहून क्षमाही मागितली गेली. ही पुस्तके 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'ॲनिमल फार्म' निघावीत हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने योजला असता तर समीक्षकांनी त्याला भडक ठरवले असते. एका शाळकरी मुलाने शाळेच्या अभ्यासासाठी त्यावर टिपणे काढली होती. मजकूरच गेल्यावर ती टिपणे अधांतरी राहिली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकलेली सर्व पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांवरून नाहीशी झाली. पैसे परत मिळाले, आणि ज्यांनी पुस्तकांवर टिपणे केली होती त्यांना २५ डॉलर अधिक. समासातल्या नोंदींचा बाजारभाव इतक्या स्पष्टपणे पूर्वी कधी ठरला नसेल.

न्यायालयांनी आणि करखात्यांनीही हाच भेद पक्का केला. मार्च २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने ई-पुस्तक ही वस्तू नसून सेवा आहे असे धरून फ्रान्स आणि लक्झेंबर्ग यांची करसवलत अवैध ठरवली. ती देण्याची मुभा मिळायला २०१८ उजाडले. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने वापरलेली ई-पुस्तके पुन्हा विकण्यास हक्कधारकाच्या परवानगीवाचून मनाई केली. म्हणजे १९०८ चे तत्त्व कागदापुरतेच उरले. छापील पुस्तक विकत घेणारा त्याचा मालक होतो. ई-पुस्तक 'विकत' घेणारा वाचण्याचा परवाना घेतो. आलेखावर मात्र दोन्ही रेषांना विक्री हेच नाव आहे.

मराठीत हे भांडण इतक्या लवकर उभे राहिले नाही, कारण विकायलाच फारसे नव्हते. आमची पुस्तके १९९० नंतर संगणकावर जुळवली गेली खरी, पण श्रीलिपी किंवा आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या जुन्या टंकांत. त्यांत अक्षराची ओळख टंकाशी बांधलेली असे. टंक बदलला की ज्ञानेश्वरीचेही अगम्य चिन्हांचे जाळे होई. असा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर रूपांतरानंतर जोडाक्षर न् जोडाक्षर पुन्हा तपासावे लागते. हजार प्रतींच्या आवृत्तीवर चालणाऱ्या प्रकाशकाला हा खर्च झेपणारा नव्हता. त्यामुळे मराठी ई-पुस्तक बराच काळ पानांची छायाचित्रे किंवा पीडीएफ या रूपातच फिरले, पुष्कळदा विनामूल्य आणि कित्येकदा विनापरवाना. किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे आली ती डिसेंबर २०१६ मध्ये. स्टोरीटेलची मराठी श्राव्य पुस्तके २०१७ मध्ये, तीही मासिक वर्गणीने. जुलै २०१८ मध्ये ई-पुस्तकांवरचा वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच पुस्तकांचा. छापील पुस्तकाला हा कर नाहीच. कागदावर जन्मलेले पुस्तक औरस, बाकीचे नव्हेत, अशी ही श्रेणी होती.

आमच्या अभ्यासासाठी याहून गंभीर प्रश्न नोंदींचा आहे. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक नव्या पुस्तकाची सरकारदरबारी नोंद सक्तीची केली आणि मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्या राजपत्रात छापल्या जाऊ लागल्या. राज्यकर्त्यांचा हेतू पाळत ठेवण्याचा होता, यात शंका नाही. परंतु त्या याद्यांत लेखक, मुद्रक, पृष्ठे, आवृत्ती, प्रतींची संख्या, किंमत आणि पुस्तक शिळाछापाचे की खिळ्यांचे, इतके सारे रकाने आहेत. छापलेली प्रत म्हणजे विकलेली प्रत नव्हे, तरीही शिळाछाप मागे पडून टाइपाचा छाप कसा पुढे आला, कोणत्या प्रकारच्या पुस्तकांत आधी आणि कोणत्या किमतीला, हे त्यांवरून मांडता येते. तो कायदा १ मार्च २०२४ पासून गेला. त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यात केवळ नियतकालिके आहेत, पुस्तके नाहीत. १९५४ चा ग्रंथालयांना प्रती देण्याचा कायदा छापील प्रती डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. १८७५ साली मुंबईत निघालेल्या मराठी कादंबरीच्या किती प्रती कोणत्या तंत्राने छापल्या गेल्या हे आम्ही विद्यार्थ्याला यादी उघडून दाखवू शकतो. २०२० साली निघालेली कादंबरी किती जणांनी कागदावर घेतली, किती जणांनी पडद्यावर वाचली आणि किती जणांनी कानांनी ऐकली, हे विचारायचे तर प्रकाशकाची वही आणि दूरच्या कंपन्यांचे कुलूपबंद सर्व्हर एवढीच ठिकाणे आहेत.