दिनविशेष : २४ ऑक्टोबर

१८६८ : औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म.

सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकारही होते. 'चित्र रामायण' त्यांनीच रेखाटले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी भक्कम आश्रय दिला. १९३९ मध्ये त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. या प्रयोगाला महात्मा गांधींचे मार्गदर्शन लाभले होते.

त्यांची आजही डोळ्यांनी पाहता येणारी देणगी म्हणजे औंधचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील या लहानशा गावात, यमाईच्या डोंगरावर, १९३८ मध्ये ते उभे राहिले. मुंबई-पुण्यापासून दूर, शेतकऱ्याच्या मुलालाही जगातील उत्तम कला पाहता यावी, अशी ही सोय झाली. राजा रविवर्मा यांची 'सैरंध्री' इथेच आहे. कीचकाकडे जाण्याची पाळी आलेल्या द्रौपदीची घालमेल पाहताना पाऊल पुढे टाकवत नाही. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे दगडातील 'आई आणि मूल'ही याच संग्रहात आहे. जोडीला हस्तिदंत व चंदनावरील नाजूक कोरीवकामही पाहायला मिळते.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब निवर्तले. संग्रह मात्र गावातच राहिला. यमाईच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी वाटेत तासभर इथे जरूर थांबावे.