एक जूनचे वाढदिवस आणि हेडमास्तरांची वही

तुमच्या घरात एक जूनला वाढदिवस असलेलं कुणी आहे का? माझ्याकडे तिघं आहेत: आजोबा, मोठे काका आणि आत्या. आजी म्हणायची, "ही तर ऐन दिवाळीत झाली." पण आत्याच्या दाखल्यावर १ जून.

पीएचडीसाठी मी शाळांची जुनी दफ्तरं बघायला लागलो, तेव्हा एका गावच्या दाखल-खारीज रजिस्टरात पानभर, ओळीनं १ जून दिसले. मी मनात म्हटलं, हे सगळं खोटं, सोडून द्या. ती माझी चूक होती, आणि संशोधनाच्या सुरुवातीला ती कुणाकडूनही होऊ शकते. म्हणून हा लेख.

आधी ही वही कोण लिहायचं ते बघू. खेड्यातला हेडमास्तर बऱ्याचदा शाळेतला एकुलता एक शिक्षक असायचा. शिकवायचं त्यानंच, हजेरीपट भरायचा त्यानंच, आणि तपासणीला साहेब येणार म्हणून वह्या पुऱ्या करायच्या त्याही त्यानंच. काही गावांत पोस्टाचं कामसुद्धा त्याच्याकडे असे. १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाला किमान १२ रुपये आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये पगार सुचवला होता. शिवाय गावचे हिशेब तपासणं, दस्तनोंदणी, टपाल, स्टँपविक्री अशी कामं दिली तर त्याची पत वाढेल, असंही म्हटलं होतं. म्हणजे गुरुजी हाच गावाचा लिहिणारा माणूस, ही कल्पना बरीच जुनी आहे.

आता जून महिना डोळ्यासमोर आणा. आई पोराला घेऊन आलीय. जन्मतारीख? "आखाडात झाला, लई पाऊस होता." मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. हात पोचला की सहा वर्षं झाली! रकाना रिकामा ठेवून चालत नसे. शाळा जूनमध्ये भरते, म्हणून सहा वर्षं मागं मोजून १ जून. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरचा कायदा १९६९ चा. त्याआधी कोतवाल बुकात नोंद होई, पण ती काढून शाळेत आणणार कोण?

म्हणजे १ जून ही जन्माची नोंद नसेल, पण गुरुजींच्या कामाच्या दिवसाची ती खरी नोंद आहे.

पुढे ही तारीख माणसाला चिकटते. सरकारी नोकरीत एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती. म्हणून ३१ मेला निरोप समारंभांची रांग लागते. मुख्याध्यापकही यातून सुटत नाही. खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे पात्र शिक्षकांत जो सेवाज्येष्ठ, त्याचा खुर्चीवर हक्क. दोघं एकाच दिवशी रुजू झाले असतील, तर वयानं मोठा तो ज्येष्ठ. आणि ५८ व्या वर्षी निवृत्ती. म्हणजे कुठल्यातरी जुन्या गुरुजींनी कान धरायला लावून लिहिलेली तारीख, हे सर हेडमास्तर होणार का आणि किती वर्षं राहणार, ते ठरवू शकते.

याच वहीत जातीचाही रकाना असतो. जात पडताळणीत १९५० पूर्वीच्या शालेय नोंदींना मोठं वजन आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हीच रजिस्टरं कपाटातून बाहेर आली. तारीख अंदाजानं लिहिली म्हणून अख्खी वही बाद करायची का? नाही. प्रत्येक रकाना कुणाला विचारून भरला, ते वेगवेगळं तपासायचं. वय अंदाजानं, पण प्रवेशाचा दिवस गुरुजींनी स्वतः पाहिलेला. जात बापानं सांगितलेली, की गुरुजींनीच ठरवलेली?

तर दफ्तर हातात आलं की तीन गोष्टी करा. अक्षर कुठं बदलतं ते बघा, म्हणजे हेडमास्तर कधी बदलले ते कळेल. प्रवेशाची तारीख आणि जन्मतारीख शेजारी मांडा. आणि मिळालं तर कोतवाल बुक ताडून बघा.

आत्याची नोंद मी शोधली. कार्तिकातली निघाली. आजी बरोबर होती.