चिनी सुई आणि आपली तुंबडी

चिनी वैद्यक म्हटले की अंगभर सुया टोचून घेतलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पण सुई हा त्या वैद्यकातला एकच उपाय झाला. धग देणे, तुंबडी लावणे, चोळणे-दाबणे आणि झाडपाल्याचा काढा हे त्यातले इतर उपाय होत. आपल्या खेड्यांना यातले बरेचसे परके नाही. शिंग किंवा भोपळा लावून रक्त काढण्याची रीत सुश्रुतसंहितेत सांगितली आहे. चिनी वैद्य बांबूची किंवा काचेची तुंबडी लावतात, तीही बहुधा रक्त न काढता. धग देण्यासाठी ते जो पाला जाळतात, तो आपल्या चैत्रातल्या दवण्याच्याच कुळातला.

यामागची कल्पना अशी : शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरावीक वाटांनी वाहते. ती अडली की दुखणे येते आणि नेमक्या जागी सुई टोचली की वाट मोकळी होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'ह्वांगदी नेइजिंग' या ग्रंथात हा विचार आहे. आधुनिक शरीरशास्त्राला मात्र या वाटा कोठे सापडलेल्या नाहीत.

ही सुई हिंदुस्थानात आली त्यामागे एक कथा आहे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांनी नेली ती शस्त्रक्रियेची विद्या. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीसांनी चीनमध्येच देह ठेवला. त्यांचे सहकारी कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू परतले, पुढे पुन्हा चीनला जाऊन सुईचे उपचार शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी ते कलकत्त्यात सुरू केले. आपण एक विद्या दिली, दुसरी घेतली.

आता घेतलेली विद्या पारखायची कशी? याचा उत्तम धडा चीननेच दिला आहे. चौथ्या शतकात गे होंग नावाच्या वैद्याने हिवतापावर एक उपाय लिहून ठेवला होता. 'छिंगहाओ' ही वनस्पती, तीही दवण्याच्याच कुळातली, पाण्यात भिजवून पिळावी व तो रस प्यावा. संशोधक तू योयो यांनी तो वाचला. यात उकळणे नाही, हे त्यांनी हेरले. उष्णतेने गुण जात असावा असे धरून त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला, आधी जनावरांवर व मग माणसांवर तपासला. १९७२ साली त्यातून आर्टेमिसिनिन हे द्रव्य वेगळे झाले. आज जगभर हिवतापावर त्यापासून केलेली औषधे देतात. २०१५ साली तू योयो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या पोथीने दिशा दाखवली, पण खात्री पटली ती परीक्षेने.

सुईचीही अशीच परीक्षा झाली. जुन्या पाठदुखीत, गुडघेदुखीत काहींना आराम पडतो. पण खरी सुई आणि नुसता देखावा यांची तुलना केली तेव्हा फरक लहानच निघाला. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, असेही समजू नये. १९९० नंतरच्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींची गोळी घेणाऱ्या अनेक बायकांचे मूत्रपिंड निकामी झाले.

तेव्हा सातपूरच्या कारखान्यात दिवसभर उभे राहून कंबर धरलेल्या कामगाराने सुई करून पाहायला हरकत नाही. मात्र आधी डॉक्टरांकडून दुखण्याचे कारण समजून घ्यावे, सुई नवी व निर्जंतुक आहे ना हे पाहावे, आणि महाराष्ट्राच्या २०१५ च्या अधिनियमाप्रमाणे टोचणाऱ्याची नोंदणी आहे का, हे बेधडक विचारावे. विंचू-साप चावला, छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, तर मात्र सुई नको, तुंबडी नको. थेट दवाखाना गाठावा. गुरुजनांनी एवढे वर्गात सांगितले, तर मुलांमार्फत ते घरोघर पोहोचेल.