तारापूर अणुवीज केंद्र : जुन्या भट्ट्यांची मुदतवाढ

पालघर जिल्ह्यात, मुंबईच्या उत्तरेस सुमारे 100 किमी.वर अरबी समुद्राकाठी असलेले भारतातील पहिले अणुवीज केंद्र. येथे चार अणुभट्ट्या असून मुदतवाढीचा वाद पहिल्या दोहोंचा आहे. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या या उत्कलन-जल भट्ट्यांमधून 28 ऑक्टोबर 1969 पासून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. प्रत्येकीची मूळ क्षमता 210 मेगावॉट. दुय्यम बाष्पनिर्मात्यांच्या नळ्या गळू लागल्याने ते वगळावे लागले आणि 1980च्या दशकात क्षमता 160 मेगावॉटवर आली. बांधणीचा खर्च केव्हाच फिटला असल्याने या दोन भट्ट्यांची वीज फार स्वस्त पडत असे. मुदतवाढीच्या आग्रहामागचे हे एक साधे कारण होय.

अमेरिकेत अशा भट्टीला आधी 40 वर्षांचा परवाना मिळतो, पुढे 20 वर्षांची वाढ मागता येते आणि त्या वेळी नागरिकांना हरकत घेऊन सुनावणी मागता येते. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ (स्थापना 1983) एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांचा परवाना देते व दर दहा वर्षांनी सविस्तर सुरक्षा आढावा घेते. नव्या प्रकल्पासाठी पर्यावरण कायद्यानुसार जनसुनावणी होते, नूतनीकरणासाठी होत नाही. त्यामुळे तारापूरचे आयुष्य थोडेथोडे वाढत गेले आणि घिवली, दांडी, नवापूर या जवळच्या गावांतील रहिवाशांना त्यावर बोलण्याची अधिकृत जागा मिळाली नाही. प्रस्तुत वादातील सर्वांत कच्चा दुवा हाच म्हणावा लागेल.

तांत्रिक आक्षेपांतील मुख्य आक्षेप सामाईक यंत्रणेचा होता. आणीबाणीचे डिझेल जनित्र, भट्टी बंद केल्यावरची शीतनव्यवस्था, वापरलेल्या इंधनाच्या टाकीचे शीतन या गोष्टी दोन्ही भट्ट्यांत वाटून घेतलेल्या होत्या. म्हणजे एकच बिघाड दोघींना भोवण्याची शक्यता. 2005–06 मध्ये भट्ट्या बंद ठेवून ही व्यवस्था भट्टीगणिक वेगळी करण्यात आली, जास्त क्षमतेची डिझेल जनित्रे बसवली आणि पूरक नियंत्रणकक्ष उभारला. सुधारणा खऱ्या होत्या. पण त्या व्हायला भट्ट्यांची पस्तिशी उलटावी लागली, हेही खरे.

मार्च 2011 मध्ये जपानच्या फुकुशिमा येथे अपघात झाला, तेव्हा तारापूरचे नाव पुन्हा पुढे आले. तेथील पहिली भट्टी जनरल इलेक्ट्रिकचीच, उत्कलन-जल जातीचीच आणि तारापूरपेक्षा दोन वर्षांनी धाकटी (1971). अपघाताच्या जेमतेम महिनाभर आधी जपानी नियामकाने तिला दहा वर्षांची वाढ दिली होती. भारतीय अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी तारापूरच्या जुन्या भट्ट्या बंद करण्याची मागणी केली. 2020 पासून दोन्ही भट्ट्या प्रदीर्घ दुरुस्तीसाठी बंद ठेवण्यात आल्या. भट्टीतून पाणी फिरवणारे नळ बदलणे हे त्यातील मोठे काम. या जातीच्या भट्ट्यांत पोलादी नळांना जोडांपाशी तडे जाण्याचा दोष जगभर आढळला आहे.

दरम्यान भोवतालही बदलला. आणीबाणीच्या नियोजनाचे क्षेत्र 16 किमी. त्रिज्येचे असून त्यात आता बोईसरची दाट वस्ती आणि रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत येते. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू–तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के मालिकेने बसत आले. अणुअपघात झाल्यास घरे रिकामी करण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची. ती अरुंद रस्त्यांवरून कशी पार पडेल, हा प्रश्न स्थानिक लोक विचारतात.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2012 च्या अहवालात अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कायदेशीर स्वायत्ततेच्या अभावावर बोट ठेवले : ज्या अणुऊर्जा विभागाच्या केंद्रांवर नजर ठेवायची, त्याच व्यवस्थेच्या अधीन मंडळ होते. देशातील एकाही अणुवीज केंद्राकडे भट्टी कायमची मोडीत काढण्याचा आराखडा नसल्याचेही त्या अहवालात नमूद आहे.