तळटीप : काळा सोमवार

१. काळा सोमवार : एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगची साखळी फेरी संपल्यानंतरचा सोमवार. मुख्य प्रशिक्षकांना नारळ देण्याचा हा ठरलेला मुहूर्त. (करारातल्या उरलेल्या वर्षांचा पगार बहुधा मिळतो, तेव्हा वाचकाने फार हळहळू नये.) मुहूर्त टळला म्हणजे सुटका झाली, असेही नाही. २००६च्या हंगामात सॅन डिएगो चार्जर्सने १६पैकी १४ सामने जिंकले, बाद फेरीत पहिलाच गमावला. मुख्य प्रशिक्षक मार्टी शॉटनहायमर यांना फेब्रुवारी २००७मध्ये काढले. सरव्यवस्थापकाशी त्यांचे पटत नव्हते, हेही त्यामागे होतेच. डॅलस काउबॉइजला २९ हंगाम सांभाळणारे टॉम लँड्री १९८९मध्ये मालक बदलताच गेले. उलट पिट्सबर्ग स्टीलर्समध्ये १९६९ ते २०२४ या काळात मुख्य प्रशिक्षक झाले तिघेच : नोल, काउअर आणि टॉमलिन. —संपा.